निरपराधाचे दुःख आणि देवाचा हेतू : तंजावरने दिलेली उत्तरे

सरळ वागणाऱ्या माणसाच्या वाट्याला दुःख का येते, हा प्रश्न देव मानणाऱ्याला जितका छळतो तितका न मानणाऱ्याला छळत नाही. जग आंधळेपणाने चालते असे ज्याने धरले, त्याला दुःखाचे कारण विचारायला कोणी उरत नाही. देव न्यायी आहे, दयाळू आहे आणि समर्थही आहे, असे ज्याने धरले, त्याला मात्र निष्पाप लेकराच्या आजारापुढे किंवा प्रामाणिक माणसाच्या दिवाळ्यापुढे उभे राहून स्वतःच्याच श्रद्धेला जाब विचारावा लागतो.

आपल्याकडे या प्रश्नाची जुनी उत्तरे तीन. पहिले प्रारब्धाचे: आज भोगतो ते मागच्या जन्मीचे. दुसरे परीक्षेचे: देव आपल्या माणसाला पारखून घेतो. तिसरे लीलेचे: ईश्वराचा खेळ माणसाच्या बुद्धीत मावत नाही. तिन्ही उत्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना आधार दिला आणि तिन्हींचा गैरवापरही झाला. प्रारब्धाचे उत्तर हिशेब जुळवते, पण दुःखिताला गुन्हेगार ठरवते. परीक्षेचे उत्तर दुःखिताला मान देते, पण देवाला कठोर करते. लीलेचे उत्तर चर्चाच थांबवते. याहून वेगळी वाट भक्तांची. तिच्यात कारण सांगितलेले नसते. देवाचा हेतू कळला नाही तरी तो आहे असे धरून चालायचे, चालताना त्याच्याशी भांडायचे, पण त्याचा हात सोडायचा नाही. तुकारामांनी 1630 च्या भीषण दुष्काळात घर, व्यापार आणि पत्नी गमावली आणि पुढे देवालाच सांगितले की दिवाळे निघाले ते बरे झाले. मराठी मनावर या उद्गाराचा ठसा खोल आहे.

हा भरवसा तपासून पाहण्यासाठी तंजावरसारखी दुसरी जागा नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1670 च्या दशकात येथे राज्य स्थापले आणि 1855 पर्यंत ते भोसल्यांकडे राहिले. जवळजवळ पावणेदोनशे वर्षे कावेरीच्या खोऱ्यात तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी या चारही भाषा एका दरबारात, एका देवळात आणि पुष्कळदा एकाच घरात नांदल्या. त्या सगळ्यांत हा प्रश्न कथारूपाने गायला गेला. येथील माणसांच्या वाट्यालाही असे काही आले की त्यांना तो पुराणात शोधायला जावे लागले नाही.

मराठ्यांबरोबर येथे रामदासी संप्रदाय आला, मठ उभे राहिले आणि कीर्तन आले. 1860 च्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे महाराष्ट्रीय कीर्तनकार तंजावरला आले आणि त्यांच्या कथेने सारे शहर भारावून गेले. ते ऐकून तंजावर कृष्ण भागवतर (1841–1903) यांनी मराठी कीर्तनाची मांडणी तमिळ कथेत आणली, आणि आज तमिळनाडूत हरिकथा म्हणून जी कला ओळखली जाते तिला तिचे रूप मिळाले. साकी, दिंडी, ओवी, आर्या, अभंग, अंजनीगीत हे मराठी छंद तमिळ भागवतर अजूनही त्याच नावांनी ओळखतात. आधी पूर्वरंगात तत्त्व मांडायचे आणि मग उत्तररंगात त्या तत्त्वाची कसोटी पाहणारे आख्यान लावायचे, हा मराठी कीर्तनाचा रिवाज. निरपराधाच्या दुःखावरचे विवेचन असेल, तर उत्तररंगाला हरिश्चंद्राइतके ठरलेले आख्यान दुसरे नाही.

एकनाथांचे नातू मुक्तेश्वर यांनी हे आख्यान मराठीत रचले, मोरोपंतांनाही त्याचा मोह झाला. गोष्ट सर्वांना पाठ असते. राजाने स्वप्नात दिलेले दान जागेपणी पाळले, राज्य गेले, दक्षिणा फेडण्यासाठी काशीच्या बाजारात तारामती आणि रोहिदास विकले गेले, राजा स्वतः डोंबाचा चाकर होऊन स्मशानात राखण करू लागला. मुलाला साप चावला. आई त्याचे प्रेत घेऊन त्याच स्मशानात आली, आणि नवऱ्याने धन्याचे शुल्क मागितले.

कीर्तनकार ही गोष्ट सांगताना एक रचना पाळतो, आणि आख्यानाचे सारे बळ त्या रचनेत आहे. आरंभी तो श्रोत्यांना इंद्रसभेत नेतो. तेथे वसिष्ठ आणि विश्वामित्र यांच्यात हरिश्चंद्राच्या सत्यनिष्ठेवरून पैज लागते. म्हणजे मांडवात बसलेल्या प्रत्येकाला पहिल्यापासून ठाऊक असते की हे सारे का चालले आहे. ठाऊक नसते ते फक्त हरिश्चंद्राला. श्रोता देवाच्या उंचीवर बसून माणसाचे दुःख पाहतो, आणि तरी रडतो. हेतू माहीत असूनही दुःख कमी होत नाही, हा अनुभव कीर्तन एका रात्रीत देते. घरी परतणाऱ्या श्रोत्याला उमगते की आपल्या आयुष्यात आपण मांडवात नसून स्मशानात उभे आहोत आणि इंद्रसभेतले बोलणे आपल्या कानावर येणार नाही.

या आख्यानात एक अवघड जागाही आहे. शब्द दिला हरिश्चंद्राने, विकली गेली तारामती. रोहिदासाने तर काहीच कबूल केले नव्हते. एकाच्या निष्ठेची किंमत दुसऱ्याने मोजावी, हे कोणत्या न्यायात बसते? शेवटी देव प्रकट होतात, मुलगा उठतो, राज्य परत येते, पण बाजारातल्या त्या दिवसाचे उत्तर त्यात नाही. मांडवातल्या बाया हरिश्चंद्रापेक्षा तारामतीसाठी अधिक रडतात, आणि त्यांचे रडणे कथेच्या शेवटापेक्षा खरे आहे.

तंजावरहून वीसेक किलोमीटरच्या आत मेलत्तूर नावाचे गाव आहे. मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांनी तेलुगू ब्राह्मणांना वसवून दिलेल्या या गावात दरवर्षी वैशाखात, नृसिंह जयंतीच्या सुमारास, वरदराज पेरुमाळच्या देवळासमोर भागवत मेळा होतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मराठ्यांच्या राजवटीत, गावच्या वेंकटराम शास्त्रींनी रचलेली तेलुगू नाटके येथे रात्रभर चालतात. हरिश्चंद्र आणि मार्कंडेय ही त्यांतली, पण मानाचे नाटक प्रल्हादाचे. गावातले पुरुषच सर्व भूमिका करतात, स्त्रियांच्यासुद्धा. नृसिंहाचा मुखवटा वर्षभर पूजेत असतो. तो घालणारा नट उपवास करतो, आणि मुखवटा चढल्यावर त्याच्या अंगात संचार होतो असे मानून आजूबाजूचे लोक त्याला धरून ठेवतात.

या नाटकात सर्वांत हेलावून टाकणारी व्यक्ती प्रल्हादाची आई लीलावती आहे. नवरा मुलाचा जीव घ्यायला निघाला आहे, मुलगा हरिनाम सोडत नाही, आणि विषाचा पेला तिच्या हातात येतो. प्रल्हादाचा भरवसा अढळ असल्यामुळे त्याच्याकडे पाहून काळजी वाटत नाही. आईचा भरवसा मात्र क्षणोक्षणी ढळतो आणि पुन्हा उभा राहतो. सामान्य माणसाची श्रद्धा प्रल्हादासारखी क्वचितच असते, बहुधा ती लीलावतीसारखी असते. हे ओळखून तिला एवढी जागा देणाऱ्या वेंकटराम शास्त्रींची माणसाच्या मनाची जाण मोठी म्हटली पाहिजे.

त्याच प्रल्हादाकडे तिरुवैयारूचे त्यागराज (1767–1847) वेगळ्या नजरेने पाहतात. ‘प्रह्लाद भक्ति विजयमु’ हे त्यांचे पाच अंकी तेलुगू गेयनाटक. खांब फोडून येणारा नृसिंह आणि हिरण्यकशिपूचा वध यांवर त्यांचा भर नाही. समुद्रात फेकलेला प्रल्हाद, त्याला भेटणारा समुद्रराज, हरीच्या दर्शनासाठी चाललेली तळमळ, दर्शन होऊन पुन्हा होणारा विरह, यांनी ते नाटक भरलेले आहे. शत्रू मेला की नाही हा प्रश्न त्यांना दुय्यम वाटतो. देव जवळ आला की नाही, एवढेच ते विचारतात. दुःखाच्या प्रश्नाला दिलेले हे एक पूर्ण उत्तर आहे: संकट टळणे ही भरवशाची पावती नव्हे, संकटात सोबत मिळणे ही आहे.

त्यागराजांच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल परंपरा सांगते की राजदरबाराचे निमंत्रण त्यांनी नाकारले. धन सुखाचे की रामाची सेवा, असे विचारणारी कल्याणी रागातली त्यांची कृती त्याच प्रसंगाशी जोडली जाते. हातची संपत्ती दवडली म्हणून चिडलेल्या थोरल्या भावाने त्यांच्या पूजेतल्या राममूर्ती कावेरीत फेकल्या आणि कित्येक दिवसांच्या शोधानंतर त्या सापडल्या, असेही सांगतात. त्यांच्या शेकडो कृतींत रामाला विनवणी आहे आणि उघड तक्रारही आहे: का येत नाहीस, माझ्यावरच का रागावलास, माझे कोणी ऐकत नाही का. भरवसा म्हणजे मुकाट्याने सोसणे, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. त्यागराजांच्या कृती ती टिकू देत नाहीत. रागावण्याइतका जवळचा वाटणारा देवच त्यांच्या भरवशाचा देव आहे.

ज्या राजाचे निमंत्रण त्यांनी नाकारल्याचे सांगतात, त्या सरफोजीराजे दुसरे यांचे आयुष्य याच प्रश्नाचे इतिहासातले उदाहरण आहे. त्यांचा जन्म 1777 चा. त्याआधी चार वर्षे, 1773 मध्ये, अर्काटच्या नबाबाने इंग्रजांच्या मदतीने तंजावर घेतले होते आणि तुळजाजीराजे कैदेत पडले होते. 1776 मध्ये राज्य परत मिळाले, पण 1780 नंतर हैदरअलीच्या फौजांनी कावेरीचे खोरे उजाड केले आणि उपासमार पसरली. तुळजाजींची स्वतःची मुले एकामागून एक गेली. आजारी राजाने 1787 मध्ये भोसल्यांच्या एका शाखेतला दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि थोड्याच दिवसांत डोळे मिटले. तो मुलगा म्हणजे सरफोजी.

मृत्यूपूर्वी तुळजाजींनी मुलाला ज्यांच्या हाती सोपवले ते होते ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ. प्रशियातून आलेले हे लुथरन मिशनरी 1750 पासून तमिळ देशात होते आणि तुळजाजींच्या काळात तंजावरला स्थायिक झाले होते. तमिळ, मराठी, फारसी त्यांना येत असे. दुष्काळात त्यांनी साठवलेल्या तांदळावर कितीतरी लोक जगले. हैदरअलीलाही त्यांच्या शब्दावर विश्वास होता. दहा वर्षांच्या मुलाचे रक्षण आपल्याच्याने होणार नाही हे ओळखून श्वार्ट्झ यांनीच सुचवले की तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी कारभार पाहावा. सल्ला सद्‌भावनेचा होता, फळ उलटे निघाले. ईस्ट इंडिया कंपनीने पंडितांचा अभिप्राय घेऊन दत्तक अवैध ठरवला आणि अमरसिंहांना गादीवर बसवले. सरफोजी वाड्यातच कोंडले गेले. अंधाऱ्या खोलीत, शिक्षणावाचून, पहाऱ्यात.

या मुलाचा अपराध काय होता? दत्तक जाणे त्याने मागितले नव्हते. राज्याची हाव धरण्याचे त्याचे वय नव्हते. ज्या बापाने त्याला घेतले तो गेला, ज्या काकाने सांभाळायचे त्याने कोंडले, आणि ज्या धर्मगुरूवर भिस्त होती त्याच्या चुकलेल्या अंदाजानेच हे घडले. प्रारब्ध, परीक्षा आणि लीला ही तिन्ही उत्तरे त्या खोलीच्या दाराशी अडखळतात.

श्वार्ट्झ मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी मद्रासच्या सरकारकडे तक्रारी केल्या, शिक्षणाची व्यवस्था करवून घेतली, आणि 1793 मध्ये सरफोजी व तुळजाजींच्या राण्या यांना मद्रासला सुरक्षित हलवण्यात आले. दत्तकविधानाची पुन्हा चौकशी झाली. यावेळी पंडितांनी ते शास्त्रशुद्ध असल्याचा निर्वाळा दिला. 1798 च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी गादीवर आले. ज्याने त्यांना तेथवर आणले त्याला तो दिवस पाहता आला नाही.

गोष्ट येथे संपली असती तर ती हरिश्चंद्राच्या आख्यानासारखी झाली असती. तशी ती झाली नाही. पुढच्याच वर्षी, 1799 च्या ऑक्टोबरात, कंपनीने तहावर सही घेतली. राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, राजाकडे उरला तंजावरचा किल्ला, वाडा, वर्षाला एक लाख होनांचा तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. अकरा वर्षे सोसून जे हाती आले त्यातले राज्य निघून गेले, नाव राहिले.

त्या उरलेल्या जागेत सरफोजींनी जे केले, त्याची बरोबरी करणारे संस्थानिक त्या काळी थोडेच. नायकांच्या काळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्यांनी जगातल्या मोठ्या हस्तलिखित संग्रहांच्या पंक्तीला नेला. तोच आजचा सरस्वती महाल. त्यात हजारो मराठी पोथ्या आहेत. ‘नवविद्याकलानिधी’ या नावाने शाळा आणि छापखाना निघाला, आणि त्या छापखान्यात इसापच्या कथांचे मराठी भाषांतर 1809 मध्ये देवनागरीत छापले गेले. धन्वंतरी महालात वैद्य औषधे तयार करत आणि तपासत, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या जात. 1803 मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. एवढा मोठा मराठी शिलालेख महाराष्ट्रातही नाही.

ही माळ उलट दिशेने ओवणे फार सोपे आहे. कैद झाली म्हणून श्वार्ट्झ यांच्याकडे शिक्षण झाले, शिक्षण झाले म्हणून ग्रंथांचे वेड लागले, राज्य गेले म्हणून त्या वेडाला सवड मिळाली, म्हणून सरस्वती महाल उभा राहिला. तेव्हा देवाचा हेतू स्पष्ट आहे, असे कोणीही म्हणेल. श्रद्धावंताला असे दिसणे स्वाभाविक आहे आणि त्यात खोटे काही नाही. पण ही माळ दोनशे वर्षांनंतर दिसते. अंधाऱ्या खोलीतल्या मुलाला ती दिसत नव्हती, आणि त्या वेळी कोणी त्याला जाऊन सांगितले असते की बाळा, हे तुझ्या भल्यासाठी आहे, तर ते बोलणे क्रूर ठरले असते. श्वार्ट्झ यांनी तसे काही न करता सरकारला पत्रे लिहिली. त्यांच्या ईश्वरनिष्ठेचा याहून मोठा पुरावा मागण्याचे कारण नाही.

श्वार्ट्झ ज्या बायबलवर जगले त्यातले ईयोबाचे पुस्तक या संदर्भात वाचण्यासारखे आहे. ईयोब नीतिमान माणूस. त्याची गुरेढोरे, मुले, आरोग्य सारे जाते. हरिश्चंद्राप्रमाणेच येथेही आरंभी स्वर्गात एक पैज लागते आणि वाचकाला ती कळते, ईयोबाला कळत नाही. फरक शेवटी पडतो. हरिश्चंद्रापुढे देव येऊन सारे उलगडतात. ईयोबापुढे देव वावटळीतून बोलतो, पृथ्वी, समुद्र, तारे आणि रानटी पशू यांबद्दल विचारतो, पण पैजेचा शब्दही काढत नाही. ईयोबाला कारण अखेरपर्यंत मिळत नाही. त्याला नवी मुले होतात, गेलेली परत येत नाहीत. शिवाय देव रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर ‘तू काहीतरी पाप केले असशील’ असे सांगून देवाची बाजू मांडणाऱ्या त्याच्या मित्रांवर. दुःखिताच्या उशाशी बसून तत्त्वज्ञान सांगणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक एकदा वाचावे.

सरफोजींनी धर्म बदलला नाही. ते शेवटपर्यंत शिवभक्त राहिले, देवळांचे जीर्णोद्धार केले, 1820 च्या सुमारास हजारोंच्या लवाजम्यासह काशीयात्रेला गेले. पण गुरूसाठी त्यांनी इंग्लंडमधले नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये ते पाहायला मिळते: मृत्युशय्येवरचे श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हाती घेतलेले सरफोजी. गुरूच्या स्मरणार्थ इंग्रजी ओळीही राजाने स्वतः रचल्या. दोन वेगळ्या देवघरांतली ही दोन माणसे एका मुलाच्या दुःखाने जोडली गेली होती.

आपल्या वाट्याचे दुःख दुसऱ्याच्या उपयोगी लावणे, हेही भरवशाचेच एक रूप. सरफोजींची प्रिय सखी मुक्ताम्बाळ तरुणपणी वारली. तिच्या इच्छेप्रमाणे त्यांनी ओरत्तनाडू येथे 1802 मध्ये तिच्या नावाचे छत्र, म्हणजे धर्मशाळा, बांधले. रामेश्वरच्या वाटेवरच्या अशा छत्रांत जातपात न पाहता वाटसरूंना जेवण मिळे, आजाऱ्यांना औषधपाणी आणि वाटेत बाळंत होणाऱ्या स्त्रियांना आधार मिळे, मुलांसाठी शाळा चाले. इंग्रजांच्या हाती महसूल गेल्यावर अशी छत्रे बंद पडू नयेत म्हणून सरफोजींनी 1801 मध्ये रेसिडेंटकडे विनवणी केली. राज्यासाठी ते भांडू शकले नाहीत, अन्नछत्रांसाठी त्यांनी शब्द टाकला.

येथवरची उदाहरणे राजांची, राजपुत्रांची आणि गायकांची झाली. पण ज्याचे दुःख जन्मापासूनच माणसांनी ठरवून दिले, त्याने देवाच्या हेतूवर भरवसा कसा ठेवायचा? तंजावरच्या कथापरंपरेत हा प्रश्न नंदनाराच्या रूपाने उभा राहतो. बाराव्या शतकात शेक्किळार यांनी ‘पेरियपुराणम्’मध्ये गायलेला हा शिवभक्त अस्पृश्य जातीचा शेतमजूर. चिदंबरमच्या नटराजाला पाहण्याची त्याला ओढ, आणि देवळाचे दार बंद. तिरुप्पुंकूरच्या देवळात बाहेरूनच शिवाचे दर्शन व्हावे म्हणून दगडी नंदी बाजूला सरला, अशी कथा आहे. आजही तेथला नंदी एका अंगाला दिसतो. एकोणिसाव्या शतकात तंजावर परिसरातले गोपालकृष्ण भारती यांनी नंदनाराचे चरित्र पुन्हा रचले आणि मूळ पुराणात नसलेला एक जमीनदार त्यात आणला. चिदंबरमला जायचे तर आधी चाळीस वेली मापाच्या शेताची कापणी एका रात्रीत कर, असे तो नंदनाराला बजावतो. देवाच्या कृपेने पीक कापून होते आणि जमीनदार पायांवर लोळण घेतो. कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाच्या चालीवर बांधलेल्या हरिकथेत हे चरित्र गायले आणि ते घरोघरी पोचले.

मराठी वाचकाला येथे चोखामेळा आठवल्याशिवाय राहणार नाही. पंढरीच्या दाराबाहेर उभे राहून ज्याने विठोबाला आळवले आणि आपल्याला असा जन्म का दिलास असेही विचारले, तो चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्याला वेठीच्या कामावर असताना गावकूस कोसळून दगडांखाली गेला. नामदेवांनी त्याच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी बांधली. नंदनार चिदंबरमला अग्नीत शिरून ‘शुद्ध’ झाल्यावरच आत गेला, असे पुराण सांगते. चोखोबाला तेवढेही मिळाले नाही.

या दोन चरित्रांपाशी भरवशाची सीमा स्पष्ट आखावी लागते. दुष्काळ, साथ, अपघाती मरण यांच्यापुढे माणूस हतबल असतो आणि तेथे देवाच्या हेतूवर भार टाकणे हा त्याचा हक्क आहे. बंद दार ही देवाची करणी नव्हे. ते माणसांनी लावलेले असते. नंदी सरकला म्हणून पुजाऱ्याला माफी मिळत नाही. नंदनाराचा भरवसा थोर आहे, पण त्याची थोरवी गाऊन दार बंदच ठेवणाऱ्या समाजाने त्या भक्तीचा उपयोग स्वतःच्या सोयीसाठी केला. दुःख भोगणाऱ्याने ‘यात देवाचा हेतू आहे’ म्हटले तर ती श्रद्धा. दुःख देणाऱ्याने तेच म्हटले तर तो अपराध.

तंजावरच्या मातीत हे ओळखणारी माणसेही झाली. तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीची दुर्दशा ऐकून बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी गायिकेने आपली कमाई ओतली आणि 1920 च्या दशकात तेथे मंदिर उभारले. त्यागराजांच्या वार्षिक आराधनेत स्त्रियांना गाऊ देत नसत, तेव्हा त्यांनी स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. 1940 च्या सुमारास आराधना करणारे सर्व गट एकत्र आले आणि स्त्रियाही तेथे गाऊ लागल्या. भोसल्यांचे राज्य 1855 मध्ये वारसाअभावी खालसा झाले, पण बृहदीश्वरासह अनेक देवळांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद घराण्याकडे राहिले. 1939 मध्ये मदुरैच्या मीनाक्षी मंदिरात दलितांचा प्रवेश झाला. त्याच वर्षी तंजावरचे राजाराम राजे भोसले यांनी आपल्या अखत्यारीतली सुमारे नव्वद देवळे सर्व जातींच्या भाविकांना खुली केली. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 मध्ये उघडले.